स्लॅब भरायच्या आधी: शाळेच्या इमारतीसाठी बिम वापरताना

पुणे जिल्ह्यातल्या एका शाळेच्या इमारतीचं काम आम्ही पूर्ण बिमच्या मॉडेलवरून केलं. बिम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, इमारतीची भूमिती आणि माहिती एकत्र ठेवणारं संगणकातलं मॉडेल. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक वरच्या मजल्यावर ८ असे एकूण २४ वर्ग, तळाला प्रयोगशाळा, ग्रंथालय, कार्यालय आणि पोषण आहाराचं स्वयंपाकघर. एका मजल्याचं क्षेत्र साधारण १,२०० चौरस मीटर, मजल्याची उंची ३.६ मीटर. खाली जे लिहिलंय ते कामाच्या क्रमाने आहे. कुठे वेळ गेला, कुठे वाचला आणि कुठे मॉडेल असूनही चूक झालीच, तेही त्यात आहे.

बिम म्हटलं की अजूनही पुष्कळांना फिरणारं थ्रीडी चित्र आठवतं. ब्रिटन सरकारने एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारी कामांना ते सक्तीचं केलं, आपल्याकडे नागपूर मेट्रोने मापं, वेळापत्रक आणि खर्च एकत्र बांधून ते वापरलं. त्या मोठ्या कामांचे नमुने आणि साचे उचलून शाळेला लावले की पहिल्याच महिन्यात अडायला होतं. परदेशी साचा एसीचे डक्ट आणि बीम यांची टक्कर शोधण्यात पटाईत असतो. आपल्या शाळेत डक्ट नसतात. इथे वीज स्लॅबच्या पोटातून जाते, संडासाखाली सनकन (पाइपसाठी खाली घेतलेला) स्लॅब असतो, खिडकीवर छज्जा असतो आणि पंख्याचा हूक काँक्रीटमध्येच बसतो. म्हणजे जे चुकतं ते स्लॅबमध्ये गाडलं जातं. म्हणून आम्ही सगळं काम एकाच प्रश्नाभोवती लावलं: पुढचा स्लॅब भरण्याआधी कोणत्या गोष्टी पक्क्या व्हायला हव्यात?

मूळ बिंदू आणि लेव्हल

सर्व्हेअरने दिलेलं जागेचं ड्रॉइंग यूटीएम या जागतिक नकाशा-पद्धतीच्या निर्देशांकात होतं. त्यात पूर्वेचा आकडा लाखांत आणि उत्तरेचा वीस लाख मीटरच्या वर असतो. ते ड्रॉइंग तसंच रेव्हिट या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढलं की भूमिती मूळ बिंदूपासून दोन हजार किलोमीटरहून लांब पडते. रेव्हिटची मर्यादा सुमारे १६ किलोमीटर त्रिज्येची. त्यापलीकडे रेषा थरथरतात, हॅच मोडतात, मापं शेवटच्या अंकात दगा देतात. उपाय सोपा आहे. इमारतीच्या कॉलमरेषांच्या ग्रिडमधला ए-१ हा छेदबिंदू मॉडेलचा मूळ बिंदू धरायचा आणि यूटीएमची किंमत फक्त शेअर्ड (सगळ्या मॉडेलांना सामायिक) निर्देशांक म्हणून नोंदवायची. हे आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल आणि एमईपी (यांत्रिक, वीज आणि प्लंबिंग) या तिन्ही मॉडेलांत पहिल्या दिवशी झालं पाहिजे. एकाने जरी नंतर स्वतःच्या सोयीने मॉडेल हलवलं तर त्या आठवड्याचा सगळा क्लॅश अहवाल (कोणत्या वस्तू एकमेकांत घुसतात त्याची यादी) रद्दी होतो.

लेव्हलचा घोळ याहून चिवट. आर्किटेक्टची लेव्हल म्हणजे तयार फरशीचा माथा, स्ट्रक्चरलची लेव्हल म्हणजे स्लॅबचा माथा. दोन्हींत ७५ मिमीचा फरक (बेडिंग आणि फरशी मिळून). दोघांच्याही मॉडेलमध्ये नाव मात्र 'पहिला मजला' असंच. आम्ही दोन वेगळ्या लेव्हल ठेवल्या, नावातच 'फिनिश' आणि 'स्लॅब' लिहिलं, आणि स्ट्रक्चरचा एकही घटक फिनिश लेव्हलला बांधायचा नाही असा नियम केला.

हा नियम जिन्यात लगेच उपयोगी पडला. ३.६ मीटर उंचीला १५० मिमीच्या २४ पायऱ्या, प्रत्येक फेरीत १२. कागदावर सगळ्या सारख्या. पण मजल्याचं फिनिश ७५ मिमी आणि पायरीचं फिनिश ४० मिमी. काँक्रीटच्या सगळ्या पायऱ्या १५० च्या ओतल्या तर फरशी बसल्यावर खालची पहिली पायरी ११५ ची होते आणि वरची शेवटची १८५ ची. मधल्या सुट्टीत पळणारी मुलं नेमकी तिथे ठेचकाळतात. काँक्रीटमध्ये पहिली पायरी १८५ आणि शेवटची ११५ ओतली की फरशीनंतर सगळ्या १५० होतात. सेंटरिंगवाल्याला हे पटवायला मॉडेलचा छेद छापून भिंतीवर लावावा लागला, कारण त्याच्या नजरेला ते चुकीचंच दिसत होतं.

जोत्याच्या रॅम्पचंही असंच. तयार फरशी जमिनीपासून ६०० मिमी वर, उतार १:१२, म्हणजे ७.२ मीटर लांबी, वर आणि खाली दीड-दीड मीटरचा सपाट टप्पा, एकूण १०.२ मीटर. मूळ आराखड्यात ६ मीटर जागा सोडली होती. हे समजायला बिम लागत नाही, गुणाकार लागतो. पण मॉडेलमध्ये रॅम्प उतारासकट काढावाच लागतो आणि तेव्हा तो बसच्या रस्त्यावर येताना दिसतो, एवढं खरं.

कोण काय मॉडेल करणार

बिमची माहिती सांभाळण्याच्या आयएसओ १९६५० या मानकात फाइलच्या चार अवस्था सांगितल्यात: काम चालू, इतरांना दिलेली, प्रकाशित आणि संग्रहित. लहान कामाला एवढा थाट कशाला, असं वाटतं. आम्ही साध्या क्लाउड फोल्डरात चार कप्पे केले आणि एकच शिस्त पाळली: साइटवर फक्त तिसऱ्या कप्प्यातली पीडीएफ जाईल. व्हॉट्सअॅपवर आलेल्या ड्रॉइंगवर बांधकाम होणार नाही. ही शिस्त मोडली गेलीच, दोनदा. एकदा त्यामुळे प्रयोगशाळेच्या ओट्याखालचा ड्रेन ४०० मिमीने सरकला.

स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडून मॉडेल मिळेल या आशेवर बसू नये. त्यांचं गणित ईटॅब्स या स्ट्रक्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं आणि हातात ऑटोकॅडची ड्रॉइंग येतात. ईटॅब्समधून रेव्हिटमध्ये आणता येतं, पण ते मॉडेल मध्यरेषांचं असतं. बाहेरचा बीम भिंतीच्या बाहेरच्या अंगाशी सपाट हवा असतो, तो आयात केल्यावर कॉलमच्या मधोमध जाऊन बसतो. त्याला सरळ करण्यापेक्षा ड्रॉइंगवरून स्ट्रक्चर नव्याने मॉडेल करणं कमी वेळेचं निघालं. एक मजला एका माणसाला साधारण तीन दिवस.

तपशील किती भरायचा हे आधी ठरवलं नाही तर माणसं खिडकीची कडी आणि नळाचा दांडा रंगवत बसतात. आमची वाटणी अशी होती: काँक्रीट आणि प्लंबिंग समन्वयाच्या पातळीला, म्हणजे एलओडी (तपशिलाची पातळी) ३५०. भिंती, दारं, खिडक्या ३०० ला. बाक, कपाटं, लिहायचे फळे २०० ला, नुसता खोका. सळई सगळीकडे मॉडेल केली नाही, फक्त निवडक सांध्यांत केली. त्याचं पुढे सांगतो.

मॉडेल ज्या क्रमाने ओतलं जातं त्याच क्रमाने तोडायचं, ही एक गोष्ट नवख्यांना आवर्जून सांगावी लागते. कॉलम तळापासून गच्चीपर्यंत एकसंध काढला की दिसायला सुबक, पण साइटवर तो मजल्यागणिक ओतला जातो आणि बिलही मजल्यागणिक लागतं. कॉलम मजल्यावर तोडा, स्लॅब ओतण्याच्या भागांत तोडा, बीम आणि स्लॅब यांचा जोड असा ठेवा की सामायिक काँक्रीट एकाच्याच खात्यात जाईल. नाहीतर स्लॅबची १३० मिमी जाडी बीममध्येही मोजली जाते आणि काँक्रीटचा आकडा फुगतो.

एक वर्ग चोवीस वेळा

शाळेत मॉडेलिंगचा खरा फायदा पुनरावृत्तीत आहे, आणि धोकाही तिथेच. सीबीएसईच्या नियमाने वर्ग किमान ५०० चौरस फूट हवा. आमचा आतून ७.८ बाय ६.२ मीटर, म्हणजे ४८.३६ चौरस मीटर किंवा साधारण ५२० चौरस फूट. एक नमुना वर्ग पूर्ण मॉडेल केला: चार पंखे, सहा दिवे, फळा, स्विचबोर्ड, प्रोजेक्टर, चार खिडक्या, एक दार. मग त्याचे ग्रुप करून चोवीस जागी ठेवले.

अर्धे वर्ग आरशासारखे उलटे होते. वर्गात उजेड मुलांच्या डाव्या हाताने यावा हा जुना नियम आहे, म्हणजे लिहिताना बहुतेकांच्या हाताची सावली वहीवर पडत नाही. ग्रुप आरशात उलटवला की एक तर फळा दुसऱ्या टोकाच्या भिंतीवर जातो, नाहीतर फळा तिथेच राहून खिडक्या दुसऱ्या बाजूला जातात; कोणत्याही अक्षावर उलटवलं तरी उजेड उजवीकडून येऊ लागतो. बारा वर्गांत ते चुकलं होतं आणि थ्रीडीत कुणालाच दिसलं नाही, कारण चित्र सुंदरच होतं. सापडलं ते एका साध्या तक्त्यात: प्रत्येक वर्गात फळ्याची दिशा आणि खिडकीची दिशा असे दोन रकाने. शेवटी आरसा वापरायचाच नाही असं ठरवून डाव्या आणि उजव्या वर्गाचे दोन वेगळे नमुने केले. तसंही उलटलेल्या ग्रुपमध्ये दाराची बाजू आणि स्विचबोर्ड कधी कधी नीट फिरत नाहीत, त्यामुळे दाराच्या यादीत डावं-उजवं चुकतं आणि चुकीच्या हाताच्या चौकटी येऊन पडतात.

कॉलमचं एक त्रांगडं होतं. भूकंपरोधक काँक्रीटच्या आयएस १३९२० या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने कॉलमची किमान बाजू ३०० मिमी केली. भिंत १५० मिमीच्या ब्लॉकची. म्हणजे दीडशे मिमी कुठेतरी बाहेर येणारच. वर्गात आला तर फळा आणि कपाटांमध्ये येतो, व्हरांड्यात आला तर वाट अरुंद करतो. आम्ही फळ्याच्या भिंतीला कॉलम वर्गाच्या आतून सपाट ठेवले आणि व्हरांडा २.४ मीटर धरताना तो कॉलमपासून कॉलमपर्यंत मोजला, भिंतीपासून नाही.

न दिसणाऱ्या वस्तू मॉडेल करणं

क्लॅश शोधणारं सॉफ्टवेअर घन वस्तू ओळखतं, मोकळी जागा आपणहून ओळखत नाही. दार बाहेर उघडताना किती फिरतं, चाकाच्या खुर्चीला वळायला किती जागा लागते, विजेच्या पॅनेलसमोर माणूस कुठे उभा राहणार, हे सगळं त्याच्या दृष्टीने हवा असते. म्हणून आम्ही प्रत्येक घटकाच्या फॅमिलीतच (रेव्हिटमधल्या त्याच्या साच्यातच) पारदर्शक घन जोडले: दारासाठी अर्धवर्तुळ, अपंगांच्या स्वच्छतागृहात १,५०० मिमी व्यासाचं वर्तुळ, पॅनेलपुढे १ मीटरचा खोका, जिन्याच्या प्रत्येक फेरीवर २.२ मीटर उंचीचा तिरका पट्टा. छापताना हा थर बंद करायचा, तपासताना चालू.

यातून निघालेल्या गोष्टी बीम-पाइपच्या टकरींपेक्षा जास्त मोलाच्या होत्या. मधल्या लँडिंगखालून जाणाऱ्या वाटेवर डोक्याची जागा २.२ मीटरपेक्षा कमी उरत होती. पॅनेलच्या खोक्यात पिण्याच्या पाण्याचा कट्टा येत होता. वर्गाचं एक मीटरचं दार ९० अंशांत उघडलं की २.४ मीटरच्या व्हरांड्यात १.४ मीटर उरत होतं, तेव्हा दारं भिंतीला टेकेपर्यंत १८० अंश उघडतील अशा बिजागऱ्या घेतल्या. प्रोजेक्टरच्या प्रकाशाचा शंकू घन म्हणून काढला तर तो पुढच्या पंख्याच्या पात्यात येत होता. पंख्याचा घेर १,२०० मिमी. दिवा पंख्याच्या वर बसला की पात्याची सावली वहीवर नाचत राहते. हेही त्याच थरात सापडलं.

बाहेर पडण्याच्या वाटांचा हिशेबही मॉडेलमधून काढला. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ शैक्षणिक इमारतीला माणशी ४ चौरस मीटर धरते, म्हणजे आमच्या मजल्याला ३०० माणसं. पण ८ वर्ग गुणिले ४० मुलं म्हणजे ३२०. मोठा आकडा धरायचा. जिन्याला माणशी १० मिमी रुंदी, म्हणजे ३,२०० मिमी. किमान रुंदीचे, दीड-दीड मीटरचे दोन जिने ३,००० च देतात. शेवटी दोन्ही जिने १.६५ मीटर केले. वाटेचं अंतर ३० मीटरच्या आत हवं. ते सरळ रेषेत नाही, बाकांमधून चालत मोजायचं. १६ जुलै २००४ ला कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून लागलेल्या आगीत ९४ मुलं गेली. पोषण आहाराचं स्वयंपाकघर जिन्याला लागून ठेवलेला पर्याय आम्ही क्लॅशची वाट न बघता पहिल्याच बैठकीत काढून टाकला.

क्लॅशची बैठक

तिन्ही मॉडेलं नेव्हिसवर्क्स या क्लॅश तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र केली. पहिल्या चाचणीत १,४०० च्या वर क्लॅश आले. ही संख्या बघून मालक घाबरतात आणि सल्लागार एकमेकांकडे बोट दाखवतात. त्यातले बहुतेक खोटे: भिंतीतून जाणारा कंड्युइट (वायरची नळी), फरशीत रुतलेला कमोड, एकाच पाइपचे बीमशी सहा ठिकाणी झालेले स्पर्श. १० मिमीच्या खालचे सोडून दिले, भिंत आणि कंड्युइट ही जोडीच तपासणीतून काढली, उरलेले ग्रिड आणि मजल्यानुसार गटांत बांधले. खरे प्रश्न साठच्या आसपास उरले. बैठकीत क्लॅशची संख्या बोलायचीच नाही, प्रश्नांची यादी बोलायची. प्रत्येक प्रश्न बीसीएफ या प्रश्न-नोंदीच्या फाइलमधून पाठवला, म्हणजे समोरच्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच जागी कॅमेरा उघडतो.

प्राधान्य एकाच कसोटीवर: हे येत्या स्लॅबमध्ये गाडलं जाणार आहे का? हो असेल तर आज. भिंतीत असेल तर पुढच्या महिन्यात. उघड्यावर असेल तर बघू.

सगळ्यात जास्त वेळ स्वच्छतागृहांनी खाल्ला. सनकन ३०० मिमीचा होता. तो पुरेल का, हा हिशेब दर वेळी मांडावा लागतो, म्हणून इथे पूर्ण देतो. नेहमीच्या स्लॅबच्या माथ्याखाली ३००, वर फिनिशचे ७५, त्यातून स्वच्छतागृहाची फरशी व्हरांड्यापेक्षा २० खाली, म्हणजे हातात ३५५ मिमी. फरशी आणि बेडिंगचे ५० गेले, ३०५. वॉटरप्रूफिंग आणि त्यावरच्या संरक्षक प्लास्टरचे ४० गेले, २६५. या २६५ मध्ये ११० मिमीचा पाइप आणि त्याचा उतार बसवायचा. १:६० ने ४.२ मीटर लांबीला ७० मिमी उतार, म्हणजे १८०. आरामात बसतं. मुलांच्या बाजूला मात्र रांग ९ मीटरची होती. उतार १५०, पाइपसह २६०. पाच मिमी उरले, त्यात बेंडही नाही आणि नाहणी ट्रॅपही नाही. सनकन वाढवला तर बाजूचा बीम खोल करावा लागतो आणि खालच्या मजल्याच्या खिडकीवरची जागा जाते. म्हणून रांगेला दोन शाफ्ट (पाइप खाली नेणारे उभे पोकळ मार्ग) केले, प्रत्येकाकडे साडेचार मीटर.

मॉडेलमध्ये पाइप सपाट काढायची सवय इथे नडते. बहुतेक एमईपी मॉडेलर ड्रेनेजही आडवं काढतात आणि उतार 'साइटवर देतील' म्हणतात. सपाट पाइप ९ मीटरलाही सुखाने बसतो आणि क्लॅश शून्य येतो.

पाइप सनकनमधून शाफ्टमध्ये जाताना कडेच्या बीममधून जातो. तिथे १५० मिमीचा स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी काँक्रीटमध्ये सोडलेली नळी) हवा. स्ट्रक्चरल कन्सल्टंटने कॉलमच्या तोंडापासून बीमच्या खोलीच्या दुप्पट अंतरात, म्हणजे ६०० च्या बीमला १.२ मीटरमध्ये, स्लीव्हला साफ नकार दिला. बरोबरच आहे, भूकंपात बीम तिथेच वाकतो आणि कड्या तिथेच दाट असतात. शाळेला आयएस १८९३ (२०१६) या भूकंपाच्या मानकात महत्त्व-गुणक १.५ आहे, तिथे सवलत मागायची नसते. मग शाफ्टची जागा त्या अंतराबाहेर नेली. हे सगळं फूटिंगचं खोदकाम चालू असतानाच ठरलं, म्हणून फुकट झालं.

सांध्यातली सळई

पूर्ण इमारतीची सळई मॉडेल करायला महिने लागतात आणि बारबेंडिंगवाला शेवटी स्वतःचं शेड्यूल करतो. आम्ही फक्त सहा सांधे मॉडेल केले, जिथे ३०० बाय ६०० च्या कॉलमला तीन किंवा चार बाजूंनी बीम येतात. एका दिशेच्या बीमची वरची २० मिमीची सळई आणि दुसऱ्या दिशेची सळई एकाच पातळीत जाऊ शकत नाहीत. एकीला खाली जावं लागतं. ती खाली गेली की त्या बीमची परिणामकारक खोली कमी होते, आणि साइटवर कुणी ठरवत नाही की कोणत्या दिशेची खाली जाणार. फिटर जी आधी बांधतो ती वर राहते. मॉडेलवरून कन्सल्टंटने लांब गाळ्याची सळई वर असं लिहून दिलं, दोन सांध्यांत २० च्या जागी १६ मिमीच्या जास्त सळया घेतल्या, आणि तिथे १० मिमी खडीचं आरएमसी (कारखान्यातून येणारं तयार काँक्रीट) सांगितलं.

स्लॅब शीट

या कामातली सर्वात उपयोगी गोष्ट म्हणजे प्रत्येक ओतकामासाठी मॉडेलमधून निघालेला एकच कागद. त्यावर त्या भागातल्या स्लॅबमध्ये राहणाऱ्या सगळ्या वस्तू: पंख्याचे हूक आणि बॉक्स, दिव्यांचे बॉक्स, कंड्युइटचे मार्ग, स्लीव्ह, सनकनच्या कडा, कॉलमच्या पुढच्या सळया, गच्ची असेल तर पावसाच्या पाण्याची तोंडं. आठ वर्गांच्या मजल्याला वर्गांचेच ३२ पंखा बॉक्स आणि ४८ दिवा बॉक्स होतात. मोजून टिक करायचे.

पहिल्या शीटमध्ये आम्ही मोठी चूक केली. मापं भिंतीपासून दिली. मॉडेलमध्ये भिंत असते, पण स्लॅब ओतताना भिंत नसते, सेंटरिंगच्या फळ्यांवर उभा असलेला वायरमन माप कशापासून घेणार? तो अंदाजाने घेतो. त्यानंतर सगळी मापं बीमच्या आतल्या फळीपासून दिली, कारण तीच तिथे असते आणि टेप तिलाच अडकवता येते. मुकादमाला टॅब्लेट दिला होता, त्याने तो गाडीत ठेवला. ए-३ कागद, तीन रंग, मोठे आकडे, हेच चाललं.

कंड्युइटबद्दल एक हिशेब. स्लॅब १३० मिमी. वर-खाली २० चं कव्हर सोडलं की ९० उरतात. खालच्या आणि वरच्या जाळीने साधारण ४० घेतले की मध्ये ५० मिमी. २५ मिमीचे दोन कंड्युइट एकमेकांवरून जाऊ शकतात, तिसरा नाही. डीबीजवळ (विजेच्या वितरण पेटीजवळ) मात्र वीस-बावीस कंड्युइट एकत्र येतात आणि तिथे काँक्रीट शिरतच नाही, खाली मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. मॉडेलमध्ये कंड्युइट खरे काढले नसते तर हा गठ्ठा दिसला नसता. डीबी वर्गाच्या भिंतीऐवजी शाफ्टशेजारी नेली, कंड्युइट दोन बाजूंनी पसरून आणले आणि प्रत्येकात किमान २५ मिमी अंतर ठेवलं.

शीट ओतकामाच्या सात दिवस आधी गोठते. त्यानंतर मुख्याध्यापकांना एक प्लग जास्त हवा असेल तर तो भिंतीतून येईल, स्लॅबमधून नाही. ओतायच्या आदल्या दिवशी प्रत्येक वर्गाच्या चौकोनाचा वरून फोटो, शेजारी टेप उलगडून ठेवलेली. फोटोचं नाव म्हणजे वर्गाचा क्रमांक.

वेळापत्रक

शाळेच्या कामाला तारीख हलवता येत नाही. विदर्भ सोडला तर जूनच्या मध्यावर शाळा उघडते. मॉडेलच्या घटकांना वेळापत्रक जोडून ४डी केलं, तेव्हा एक गोष्ट निसटता निसटता राहिली. वेळापत्रकात स्लॅबचे टेकू सरसकट १४ दिवसांनी काढायचे धरले होते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकात सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४ दिवस, त्यावर २१. आमचे वर्गाचे बीम आठ मीटरच्या घरात. प्रत्येक मजल्याखाली एक आठवडा जास्त टेकू, म्हणजे खालचं ब्लॉककाम एक आठवडा उशिरा, आणि टेकूंचे दोन पूर्ण संच. चार स्लॅबांत मिळून हा फरक पावसाळ्यापर्यंत पोचत होता. उपाय म्हणून शेवटच्या दोन मजल्यांचं ब्लॉककाम छोट्या गाळ्यांपासून, म्हणजे जिने, स्वच्छतागृहं, व्हरांडा, असं उलटं सुरू केलं.

मापं आणि बिलं

मॉडेलमधून मापं एका बटणावर येतात, हे अर्धसत्य आहे. येतात ती भूमितीची मापं, बिलाची नव्हेत. आपलं बिल आयएस १२०० या मापं घेण्याच्या मानकाप्रमाणे. प्लास्टरमध्ये अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट नाही, अर्धा ते तीन चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूची वजावट आणि कडांचं प्लास्टर वेगळं मोजायचं नाही. मॉडेल दोन्ही बाजूंची वजावट करतं. आमची खिडकी १.८ बाय १.२, म्हणजे २.१६ चौरस मीटर. वर्गाला चार, वर्ग चोवीस: २०७.३६ चौरस मीटर प्लास्टरचा फरक, एकट्या वर्गांच्या खिडक्यांत. कंत्राटदाराचं आरए (चालू कामाचं) बिल आणि मॉडेल यांत एवढं अंतर दिसल्यावर आधी संशय माणसावर जातो. चूक सूत्राची होती. प्रत्येक उघड्या जागेला क्षेत्रानुसार वजावटीचा गुणक देणारा रकाना तक्त्यात घातला, तेव्हा आकडे जुळले. काँक्रीट मात्र पहिल्यापासून जवळ होतं, कारण मॉडेल ओतण्याच्या क्रमाने तोडलेलं होतं. शटरिंगसाठी आम्ही मॉडेलवर विसंबलो नाही.

हस्तांतर

परदेशी पद्धतीत शेवटी मालमत्तेचा मोठा तक्ता देतात, कोबी (COBie) नावाचा. शाळेच्या कार्यालयात तो कुणी उघडत नाही. आम्ही तीन गोष्टी दिल्या: पंप, टाक्या, अग्निशमन यंत्रं आणि वॉटरप्रूफिंगच्या तारखा यांची मराठीतली एक एक्सेल, सुधारलेल्या मॉडेलची आयएफसी (वेगवेगळ्या बिम सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी) प्रत, आणि स्लॅबचे ते फोटो. प्रत्येक वर्गाच्या स्विचबोर्डच्या आत क्यूआर कोड चिकटवला, तो त्या वर्गाचा फोटो उघडतो. नवा प्रोजेक्टर टांगायला आलेला माणूस ड्रिल लावण्याआधी कंड्युइट कुठून गेलाय ते टेपसकट बघू शकतो.